‘काहीतरी मुस्लिम टाइप कर ना!’

एक कव्वाली, चार जाळीदार टोप्या, भरपूर टाळ्या. फेस्टच्या स्टेजवर ‘विविधता’ साजरी करायला एवढं पुरतं का?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या कॉलेजच्या फेस्टची मीटिंग चालू होती. ‘कल्चरल डे’ची थीम भारतातली विविधता. कँटीनच्या मागच्या पायऱ्यांवर बसून आम्ही यादी करत होतो. पंजाबी? भांगडा, फिक्स. बंगाली? आहे. नॉर्थ-ईस्ट? बघू, कुणाला तरी विचारू. मग कुणीतरी म्हणालं, ‘अरे, मुस्लिम काहीच नाहीये.’ आणि मी शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडे वळून म्हणाले, ‘तू काहीतरी मुस्लिम टाइप कर ना!’

हो, मीच म्हणाले. नाव दुसऱ्याचं घालून मोकळी होता आलं असतं, पण नको.

ही मैत्रीण रत्नागिरी जिल्ह्यातली. शाळा मराठी माध्यमाची. घरी कोकणी बोलतात, तिकडचे मुसलमान बोलतात ती. उर्दू तिला हिंदी सिनेमातून जेवढी कळते तेवढीच, म्हणजे साधारण माझ्याइतकीच. हळदीच्या रात्री बायका ढोलकी घेऊन जी गाणी म्हणतात, ती मात्र तिला नानीकडून पाठ आहेत. आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. शेवटी ती एका फिल्मी कव्वालीवर भाड्याचा शरारा घालून नाचली. मागे चार मुलं, डोक्यावर जाळीदार टोप्या, गळ्यात रुमाल. टाळ्या जोरदार. रीलही बऱ्यापैकी चाललं. स्टेजवरून उतरल्यावर ती हसत म्हणाली, ‘नानीने बघितलं ना, तर ओळखणार नाही मला.’

तेव्हा मीही हसले. यंदा इंटर्नशिपमध्ये सण-उत्सवांच्या बातम्या करता करता ते वाक्य सारखं आठवत राहिलं.

सूफी नाइट: सेफ आणि सुंदर

आपल्याकडे ‘मुस्लिम कला’ म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. जुनी वास्तू, पिवळे दिवे, हार्मोनियम, कव्वाली. बाहेर कबाबचे स्टॉल. हे चित्र खोटं नाही. दिल्लीत मुझफ्फर अली यांनी २००१ साली सुरू केलेल्या ‘जहान-ए-खुसरो’ला २०२५ मध्ये पंचवीस वर्षं झाली. फेब्रुवारीत सुंदर नर्सरीत झालेल्या त्या सोहळ्याला पंतप्रधानही होते. दुसरीकडे २०१५ पासून ‘जश्न-ए-रेख्ता’ला तरुणांची जी गर्दी लोटते, ती बघून कुठल्याही भाषेच्या साहित्य संमेलनाला हेवा वाटावा. रेख्तावाल्यांचं म्हणणं स्पष्ट आहे की हा उर्दूचा उत्सव आहे, धर्माचा नाही. बरोबरच आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवरच्या उर्दूचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयानेही हेच सांगितलं. भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि उर्दू याच मातीतली आहे.

पण मग उलटंही खरं असायला हवं ना? उर्दू म्हणजे मुसलमान नाही, तसंच मुसलमान म्हणजे उर्दू नाही. केरळमधला मुसलमान मल्याळम बोलतो, बंगालमधला बंगाली, आणि माझी मैत्रीण नानीला फोन करते तेव्हा तो आमच्या अर्ध्या हॉस्टेलला कळतो. तरी फेस्टिवलच्या पोस्टरवर सगळे एकाच ‘सूफी’ चौकटीत बसवले जातात.

याचं कारण कुणी दुष्ट असतं असं नाही. आयोजकाच्या जागी बसून बघा. कव्वालीचे शब्द हिंदी कळणाऱ्याला कळतात, तिच्यात प्रेमाबद्दल गाता येतं, स्पॉन्सरला धडकी भरत नाही, कुणाच्या भावना दुखावतील ही भीती कमी. थोडक्यात, सेफ. ज्या घरांत दर्ग्यावर जाणं किंवा वाद्य वाजवणंच योग्य मानत नाहीत, तेही मुसलमानच, आणि हा त्यांच्यातला आपसातला जुना वाद आहे. तो वाद अशा संध्याकाळी दिसत नाही. आम्हीही कँटीनच्या पायऱ्यांवर नेमकं हेच केलं होतं. फरक एवढाच की आमचं बजेट दीड हजार होतं.

ओप्पनाचे मार्क

याच्या अगदी उलट चित्र बघायचं असेल तर केरळकडे बघा. तिथे १९५७ पासून राज्याचा शालेय कलोत्सव होतो. जवळजवळ अडीचशे प्रकार, हजारो मुलं, डझनावारी स्टेज, आणि टीव्ही चॅनल्सवर निवडणुकीच्या निकालासारखा जिल्ह्यांचा स्कोअर. २०२५ च्या जानेवारीत तिरुवनंतपुरमला झाला आणि त्रिशूर जिल्ह्याने गोल्ड कप नेला. त्यानंतरचा, २०२६ च्या जानेवारीतला, त्रिशूरलाच ठरला.

या स्पर्धेत भरतनाट्यम आणि कथकलीच्या यादीतच ओप्पना, दफमुट्टू, कोलकळी, वट्टप्पाट्टू आणि माप्पिळप्पाट्टूही आहेत. हे सगळं मलबारच्या मुसलमानांचं, म्हणजे माप्पिळांचं. ओप्पनात नवरी मध्ये बसते आणि मैत्रिणी टाळ्यांच्या ठेक्यावर तिच्याभोवती फेर धरून गातात. वट्टप्पाट्टू नवऱ्याकडच्या मुलांचं. दफ म्हणजे हातात धरायचं डफासारखं वाद्य. माप्पिळांची जुनी गाणी मल्याळम भाषेत, पण अरबी वळणाच्या लिपीत लिहिली गेली. त्या लिपीला अरबी-मल्याळम म्हणतात. शिवाय कलोत्सवाच्याच जोडीने संस्कृत उत्सव आणि अरबी साहित्योत्सवही चालतो. एकाच मांडवात, त्याच दिवसांत.

मला इथे सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ओप्पनात कोण असतं? त्या शाळेतल्या मुली. हिंदू, ख्रिश्चन, मुस्लिम, जी सिलेक्ट होईल ती. ती तिथे कुठल्या धर्माची प्रतिनिधी म्हणून नसते, तिला ‘ए ग्रेड’ हवी असते. हरल्यावर रीतसर अपील करतात. परीक्षकांनी अन्याय केला म्हणून पालक भांडतात, प्रकरणं कोर्टापर्यंत जातात. ओप्पनाच्या मार्कांवरून कोर्टात! एखादी कला खरंच सगळ्यांची झाली आहे याचा यापेक्षा भारी पुरावा मला तरी सुचत नाही. आपण ज्याच्याबद्दल फक्त आदराने बोलतो, ते बहुतेक वेळा आपलं नसतं. जे आपलं असतं त्याच्यावरून आपण भांडतो.

आता केरळचं एवढं कौतुक केलं म्हणजे तिथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. कपडे, दागिने, ट्रेनर यांचा खर्च इतका वाढलाय की गरीब घरातल्या मुलीला टीममध्ये राहणं अवघड होतं. जुनीजाणती मंडळी म्हणतात की ओप्पनातलं गाणं गेलं आणि चमचम उरली. आदिवासींच्या पाच कला स्पर्धेत यायला तर २०२५ उजाडावं लागलं. आणि २०२३ मध्ये कोझिकोडच्या कलोत्सवात जे झालं ते जास्त बोचरं होतं. उद्घाटनाच्या स्वागतगीतावर एक दृश्य बसवलं होतं, त्यात जवान दहशतवाद्याला पकडतात. दहशतवाद्याच्या डोक्याला काय? अरबी पद्धतीचा रुमाल. मोठा वाद झाला, आणि त्या संस्थेला पुन्हा संधी देणार नाही असं शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं. म्हणजे ज्या उत्सवात शेकडो मुली ओप्पना करत होत्या, त्याच उत्सवात ‘अतिरेकी कसा दाखवायचा’ याचं उत्तर कुणाला तरी विचार न करता सुचलं. आमच्या जाळीदार टोप्या आणि तो रुमाल यांत फार अंतर नाही, हे मला लिहितानाही टोचतंय. कॉश्च्युमवाल्याकडे दोन्ही बहुधा एकाच कपाटात असतात.

दिवे बंद झाल्यावर

स्टेजवरचा मान आणि गावातला मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राजस्थानच्या मांगणियारांइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. जैसलमेर-बाडमेरकडचे हे मुस्लिम गायक-वादक. कमायचा आणि खडताल ही त्यांची ओळख. पिढ्यान्‌पिढ्या ते त्यांच्या जजमानांच्या घरी जन्म, लग्न, मृत्यूला गातात, आणि हे जजमान बहुतेक हिंदू राजपूत. २००६ मध्ये रॉयस्टन ॲबेल यांनी ‘द मांगणियार सिडक्शन’ केलं. चार मजली लाल चौकटी, प्रत्येक चौकटीत एक कलाकार, एकेक पडदा उघडत जातो. यूट्यूबवर आहे, नक्की बघा. जगभर प्रयोग झाले. २००७ पासून जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यावर लोकसंगीताचा मोठा आंतरराष्ट्रीय उत्सव भरतो, तिथेही मांगणियार असतातच.

आणि २०१७ च्या नवरात्रात जैसलमेर जिल्ह्यातल्या दांतल गावात एका मांगणियार गायकाचा खून झाला. देवीच्या जागरणात त्याने हवा तसा राग लावला नाही म्हणून मारहाण झाली, असा आरोप होता. घरच्यांनी तक्रार करायचं ठरवल्यावर गावातून दबाव आला आणि तिथली मांगणियार कुटुंबं गाव सोडून जैसलमेरला निघून गेली. देवीचं गाणं गाणारा मुसलमान, हे वाक्य फेस्टिवलच्या ब्रोशरमध्ये किती सुंदर दिसतं. गावात त्याच वाक्याचा अर्थ असाही होऊ शकतो की तू आमचा गाणारा आहेस, विसरू नकोस. इथे फक्त धर्म नाही, जात आहे, कोण कुणाच्या दारात हात पसरतो हेही आहे. तिकीट काढून ऐकणाऱ्याला यातलं काही कळायची सोय नसते.

बंगालच्या पिंगला भागातल्या नया गावात थोडी वेगळी वाट काढली आहे. तिथले पटुआ, म्हणजे चित्रकार, मुसलमान असून रामायण आणि मनसादेवीची लांबलचक पटचित्रं काढतात आणि चित्र उलगडत गाऊन गोष्ट सांगतात. २०१० पासून ‘पट माया’ नावाचा उत्सव त्यांच्याच गावात होतो. लोक कोलकात्याहून तिथे जातात, कलाकारांच्या अंगणात बसतात, चित्र तिथेच विकत घेतात. विकतच्या चित्राने सगळे प्रश्न सुटतात असं नाही, पण निदान घर कुणाचं आहे याबद्दल गोंधळ होत नाही.

सलोख्याची चौकट

आता आपल्या अंगणात. खरं सांगायचं तर महाराष्ट्रात अशा गोष्टींची कमी नाही, फक्त त्या ‘फेस्टिवल’ या शब्दाखाली येत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला मोहरमला गगनचुंबी ताबूत निघतात. बांबूचे, खांद्यावर उचलायचे. काही ताबुतांचा मान हिंदू घरांकडे आहे. ताबुतांच्या गळाभेटी बघायला आसपासच्या जिल्ह्यांतून लोक येतात. कितीतरी गावांत पीर बसतात, पंजे निघतात, आणि करबलाची गाणी चक्क मराठीत म्हटली जातात. म्हणणारे अनेकदा मुसलमान नसतात.

यात इतिहासाचा एक अवघड तुकडाही आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईत मोहरमला हिंदूंची मोठी गर्दी असायची. १८९३ च्या मुंबईच्या दंगलीनंतर ती गर्दी फुटली, आणि त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला. सुरुवातीच्या गणपतीच्या मेळ्यांवर मोहरममधल्या टोळ्यांच्या नाचगाण्याची छाप होती, असं इतिहासकार लिहितात. म्हणजे उत्सव तुटले, पण ठेका इकडून तिकडे आलाच. सार्वजनिक उत्सवाने माणसं जोडली जातात हे आपण शाळेत निबंधात लिहितो. त्यानेच हद्दही आखली जाते हे लिहीत नाही.

२०२३ ते २०२५ या तीन वर्षांतल्या तारखा बघा. २०२३ मध्ये आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला. अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न द्यायचं ठरवलं. त्याच वर्षी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकत्र आली, मुंबईतला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ मध्ये पुन्हा पुढे. २०२५ मध्ये पुन्हा; सुट्टीसुद्धा ५ वरून ८ सप्टेंबरला गेली. आणि त्याच २०२५ च्या जुलैत तर ६ तारखेला आषाढी आणि मोहरमचा दहावा दिवस एकत्र.

इस्लामी वर्ष चंद्राचं, दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतं, त्यामुळे असे योग येत-जात राहणार. दर वेळी आम्ही पेपरवाले काय करतो? एक चौकट. हेडिंग ठरलेलं, ‘सलोख्याचं दर्शन’. फोटोत टोपीवाला मुलगा वारकऱ्याला पाणी देतोय. यंदा अशी एक चौकट मीसुद्धा लिहिली. दीडशे शब्द. त्यात कोण काय गात होतं, वाद्य कुठलं होतं, कुणी बांधलं, एकही शब्द नाही. मी विचारलंच नव्हतं. सलोखा दिसला, फोटो मिळाला, डेडलाइन गाठली. कँटीनच्या पायऱ्याच, फक्त आता बायलाइनसकट.

आणि जे जुलूस पुढे ढकलतात ते कायम तेच का, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नाही. त्यांनी ते मोठ्या मनाने केलं, खरंच केलं. पण मोठं मन हा एकाच बाजूचा कायमचा वाटा असेल तर त्यावर बातमी व्हायला हवी की नको?

त्याच २०२५ च्या फेब्रुवारीत दुसरी एक बातमी होती. पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव केला. प्रशासनाने तो रद्द ठरवला. लक्षात घ्या, यात्रा म्हणजे फक्त देवदर्शन नसतं. बांगड्या, खेळणी, पाळणे, मिठाई, हीसुद्धा यात्राच. तिथे वर्षाची कमाई करणाऱ्या माणसाला बाहेर काढायचं आणि त्याच महिन्यात शहरात सूफी संगीतावर माना डोलवायच्या, हे दोन्ही एकाच देशात आरामात चालतं. कुणाला विसंगती वाटत नाही, कारण स्टेजवरचा मुसलमान आणि स्टॉलवरचा मुसलमान आपल्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत ठेवलेले असतात.

याच्यावर उपाय म्हणून आणखी एक ‘मुस्लिम कला महोत्सव’ भरवावा का? मी दोन्हीकडून विचार केला. वेगळा मंच लागतो, हे नाकारून चालणार नाही. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, ते मुख्य मांडवात आपल्या लिहिण्याला जागा दिसेना म्हणूनच. पण शाहीर अमर शेखांना कुठल्या खणात घालणार? बार्शीचा हा माणूस, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याच्या डफाने मैदानं पेटवली. त्याला ‘मुस्लिम कलाकार’ म्हणून सूफी नाइटच्या पोस्टरवर घातलं तर तोच आधी हसेल. म्हणून मला वाटतं, वेगळा महोत्सव असू दे, पण खरी कसोटी तुमच्या-आमच्या नेहमीच्या फेस्टची आहे. मराठवाड्यात युवक महोत्सवात कव्वालीची स्पर्धा असते, पोवाडा-भारुडाच्या शेजारी. कुठल्याही कॉलेजची कुठलीही पोरं बसवतात. तसं करबलाची मराठी गाणी लोकगीतात का नाहीत? कोकणी मुसलमानांची हळदीची गाणी का नाहीत? ‘थीम’ म्हणून नको. स्पर्धेचा प्रकार म्हणून. नियम, वेळ, मार्क, आणि हरल्यावर परीक्षकाच्या नावाने शिव्या, सगळ्यासकट.

हे मी मैत्रिणीला बोलून दाखवलं तेव्हा तिने आधी माझी चांगली खेचली. ‘झालं का तुझं आर्टिकल? आता नानीला पण कोट करणार का?’ मग दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर नानीची तीन गाणी फोनवर रेकॉर्ड करून आणली. यंदा फेस्टमध्ये लोकगीताला आमची एंट्री आहे. पाच जणी. ती, मी, एक सोलापूरची, एक मडगावची ख्रिश्चन, आणि एक जी खरं तर डान्सवाली आहे. फॉर्म भरताना कमिटीतल्या मुलाने विचारलं, ‘हे नेमकं कुठलं? म्हणजे कॅटेगरी काय लिहू, मुस्लिम?’ ती म्हणाली, ‘रत्नागिरी लिही.’

सध्या प्रॅक्टिस चालू आहे. ढोलकी सोलापूरची वाजवते आणि दुसऱ्या कडव्याला हमखास लावणीत घुसते. मला शब्द येत नाहीत, डान्सवालीला सूर. परवा व्हिडिओ कॉलवर नानीने पूर्ण गाणं ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसल्या, आणि मग नातीला काहीतरी म्हणाल्या. मी विचारलं, काय म्हणाल्या गं? ‘म्हणाल्या, नवरी पळून जाईल.’

शुक्रवारी प्रिलिम्स आहे. बहुतेक आम्ही बाद होऊ.